बटणांचा डबा

"हात वर."

मुंगीने दोन्ही हात वर केले आणि आजीचा हात लागायच्या आधीच ती खिदळायला लागली. "गुदगुल्या नाही करायच्या हं!"

"झडतीत गुदगुल्या नसतात. सरळ उभी राहा."

झडतीबाईने नातीची कॉलर उलटून पाहिली, दोन्ही बाह्या खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपल्या, कमरेच्या पट्ट्यातून बोट फिरवलं, फ्रॉकचे खिसे बाहेर ओढले. एका खिशातून खडूचा तुकडा निघाला, दुसऱ्यातून बिस्किटाचा चुरा. फ्रॉकचं वरचं बटण मात्र लोंबत होतं. ते दुपारी लावायला हवं, असं तिने मनाशी म्हटलं.

"आज काय देणारेस?"

"ठेवलं पण!" हात वरच होते, म्हणून मुंगीने हनुवटीने दाराजवळच्या तीन गोण्या दाखवल्या.

"काय ठेवलंस?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली. भंगारवालीची हातगाडी आली होती. झडतीबाईने प्रश्न तिथेच सोडला आणि ती लगबगीने खिडकीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिली. दर शनिवारी ती तिथेच उभी राहायची. तिथून तिला सगळं दिसायचं आणि ती कुणाला दिसायची नाही. मुंगीने एकेक गोणी ओढत पायरीपर्यंत नेली. भंगारवालीने वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या, आणि गाडी खडखडत निघून गेली.

काय सांगितलं असेल? झडतीबाई पडदा सोडून बाजूला झाली. पोरीच्या अंगावर काही नव्हतं, म्हणजे घरातलं काही गेलं नव्हतं. झडती चोख झाली होती. पण जन्मभर माणसांच्या झडत्या घेतलेल्या बाईला गोणीची झडती घ्यायचं सुचलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. तिचा तरी काय दोष म्हणा! कारखान्यातसुद्धा कातरणाच्या गोण्या मागच्या फाटकातून जायच्या, आणि ते फाटक तिच्याकडे कधीच नव्हतं.

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं बायकांच्या फाटकावर उभी होती; सुट्टी फक्त शनिवारी. फाटकाला लागून फळ्यांची एक खोली, तिला हिरवा पडदा, आत एक टेबल. पाळी सुटली की बायका रांगेने यायच्या, टेबलावर जेवणाचा डबा उघडून ठेवायच्या, हात वर करायच्या. कारखान्याची चिंधीसुद्धा बाहेर जाता कामा नये, हा नियम. कुणाच्या बाहीत दोऱ्याचं रीळ आहे आणि कुणाच्या दंडाला गळू झालंय, हे ती डोळे मिटून सांगायची. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते वाचणारा कारकूनही तिला झडतीबाईच म्हणायचा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. वर्षातून एकदा सगळ्यांना जमवून साहेब भाषण करायचे, तेव्हा न चुकता म्हणायचे, "या बाईंच्या फाटकातून एक सुई बाहेर गेली नाही." टाळ्या पडायच्या. त्या कुठल्या कोपऱ्यातून जरा कमी पडल्या, तेही ती बघून ठेवायची.

घरी आलं तरी तिचा हात थांबायचा नाही. मुलगा दूरच्या गावी कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. त्याची पिशवीसुद्धा ती आधी वरून दाबून पाहायची. सून दवाखान्यात खिडकीवर औषधं द्यायची. आणि पाच वर्षांची नात. ही कार्टी सतत इथलं तिथे आणि तिथलं इथे वाहून न्यायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलेलं. ती रांगायला लागली तेव्हापासून आजी तिची झडती घेत होती. खेळ म्हणूनच. मुंगीलाही तो आवडायचा, आणि आवडलेला खेळ पोरं शिकणारच.

दोन महिन्यांपूर्वी मुंगीचा वाढदिवस झाला. पोरं घरी निघाली, तर ही बया दारात आडवी! "हात वर करा सगळ्यांनी!" एकेकाची कॉलर, बाह्या, कंबर, सगळं रीतसर. शेजारच्या मुलीच्या मुठीतून फुटलेल्या फुग्याचं एक लाल रबर निघालं आणि मुंगी "चोर! चोर!" म्हणून अशी किंचाळली की त्या मुलीची आई पोरीला उचलून जी गेली, ती अजून बोलत नाही. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर झडतीबाईला मनातून कौतुकच वाटलं होतं. पोरगी एकाचीही कॉलर विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुनेने तीन गोण्या आणल्या.

"आई, तुमच्या नोकरीला मी नावं ठेवत नाही," ती म्हणाली. "त्या नोकरीवरच हे घर उभं राहिलं. पण ही जर आल्यागेल्याचे खिसे तपासायला लागली, तर उद्या हिच्याशी खेळणार कोण?"

"चोरी पकडली हे वाईट झालं का?"

"फुटका फुगा होता हो तो!"

मग सुनेने नियम घातला. घरातलं वापरून झालेलं काही फेकायचं नाही. कागद एका गोणीत, बाटल्या दुसरीत, पत्रा तिसरीत, आणि ते वेगळं करायचं काम मुंगीचं. शनिवारी भंगारवाली आली की मुंगीनेच ते तिच्या हाती द्यायचं. वजन नाही, पैसे नाहीत. आणि त्याबरोबर स्वतःच्या फळीवरची एक वस्तू द्यायची. "नकोशी झालेली नाही हं," सुनेने मुंगीला समजावलं. "नकोसं देणं म्हणजे नुसतं टाकणं. तुला आवडतं ते द्यायचं. आणि एकदा दिलं की परत मागायचं नाही."

"फुकट?" झडतीबाईने विचारलं. "सगळं फुकट?"

"देतोय आपण आई, विकत नाही."

तिला काही हे पटेना. फुकट देणारा माणूस तर तिने जन्मात पाहिला नव्हता. पाहिले होते ते न विचारता घेणारे. सुनेच्या मनात काहीतरी असणार. आज पोरीची खेळणी, उद्या भांडी, परवा सासूची ट्रंक. म्हणून पहिल्याच शनिवारी, कोण ही भंगारवाली ते बघून घेऊ, म्हणून ती पडद्याआड उभी राहिली. बघितलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती काजवाली होती.

नऊ वर्षांपूर्वी ती कारखान्यात काज-बटणाच्या यंत्रावर होती. काम इतकं सफाईदार की तिने केलेल्या काजाला दोनदा बघावं लागायचं नाही. एका संध्याकाळी झडतीबाईने तिचा जेवणाचा डबा उघडला. वरच्या कप्प्यात काही नव्हतं. खालच्या कप्प्यात, नीट घडी घातलेले, निळ्या फुलांच्या कापडाचे पाच तुकडे. तळहाताएवढेही नव्हते. "कातरणात पडले होते, बाई," काजवाली हलक्या आवाजात म्हणाली. "लेकीच्या बाहुलीला." झडतीबाईने तुकडे उचलून पावतीवर लिहिलं: काय, किती, कुणाकडून. दुसऱ्या दिवशी काजवाली यंत्रावर नव्हती. मी थोडीच काढलं तिला, झडतीबाई स्वतःला सांगायची, मी फक्त डबा उघडला. नऊ वर्षं ती हे सांगत होती, म्हणजे सांगावं लागत होतं.

आणि आता ती बाई दर शनिवारी दारात येऊन नातीच्या कानात कुजबुजत होती. कशासाठी? गावात गल्ल्यांचा काय दुष्काळ पडला होता का?

तिसऱ्या शनिवारी मुंगी आत येऊन म्हणाली होती, "आजी, मावशी म्हणते, तुझी आजी मला ओळखते."

झडतीबाईच्या हातातली किसणी थांबली. "अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, आजीला सांग, काजवाली बरी आहे."

"एवढंच? आणि काय म्हणाली ते आठव. घर बघून गेली का? मी कधी घरी नसते, ते विचारलं का?"

"नाही गं! मी तिला माझा भोवरा दिला. तिला फिरवताच येईना!"

बरी आहे म्हणे. हा निरोप झाला का धमकी झाली? झडतीबाईने तो आठ दिवस उलटासुलटा करून पाहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसंच होतं ते. कारण तिच्याकडे लपवण्यासारखं एक होतं, आणि ते कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे होतं.

एक पत्र्याचा डबा होता. बटणांचा.

झडतीच्या खोलीत बायकांच्या अंगावरून, केसांतून, बाह्यांच्या दुमडीतून बटणं गळायची. कामावर अंगाला चिकटून आलेली, कुणी मुद्दाम न आणलेली. नियम असा की सापडलेली प्रत्येक वस्तू कचेरीतल्या पेटीत जमा करायची आणि पावतीवर 'कुणाकडून' ते लिहायचं. पहिल्या वर्षी एक शिंपल्याचं बटण फळीवर पडलेलं सापडलं. कुणाकडून म्हणून लिहिणार? उगाच कुणाचं नाव लिहिलं तर तिच्या पोटावर पाय. नाव न लिहावं, तर साहेब म्हणणार, मग तुझ्याकडेच कसं आलं? तिने ते गणवेशाच्या खिशात टाकलं, उद्या बघू म्हणून. उद्या राहून गेलं. मग दुसरं सापडलं, मग दहावं. झडतीबाईची झडती घ्यायला कुणीच नव्हतं. सापडलेलं बटण तिच्या खिशात बसून पुढच्या फाटकाने बाहेर यायचं. पितळी, शिंगाची, शिंपल्याची, जहाजाच्या नांगराचं चित्र असलेली, काचेसारखी. एक बटण कधी तिने वापरलं नाही, की विकलं नाही. पडलेलं उचललं तर काय बिघडलं, असं ती म्हणायची, पण डबा कुणाला दाखवायची मात्र नाही. फक्त मुंगी तापाने झोपून असली की तो खाली यायचा. मुंगी तासन् तास बटणांच्या रांगा लावायची. "हे कुणाचं गं आजी?" ती विचारायची, आणि आजी म्हणायची, "सगळं पुढे तुझंच आहे, बाई."

तर त्या शनिवारी, गाडी गेल्यावर तासाभराने, झडतीबाईने मुंगीचं लोंबतं बटण लावायला सुई ओवली. जुनं बटण चिरलेलं निघालं. दुसरं शोधावं म्हणून ती स्टुलावर चढली, चादरी बाजूला केल्या, आणि तिचा हात नुसत्या फळीवर पडला. धुळीत डब्याच्या बुडाचा गोल तेवढा उमटलेला होता. स्टूल इथे आणून चादरी पुन्हा नीट लावून ठेवण्याइतकी शिस्त घरात एकाच व्यक्तीला होती, आणि ती शिस्त तिला आजीनेच लावली होती.

ती खाली उतरली.

"मुंगे. इकडे ये. हात वर."

मुंगी हसत आली, हात वर केले. पण या वेळी हात वेगळा होता. कॉलर जोरात ओढली गेली, लोंबतं बटण तुटून पडलं. आजीने तिचे खिसे उलटे केले, मोजे काढले, केसांत बोटं घातली. मग तिची फळी उपसली. ससा, चित्रांची वही, काड्यांची पेटी, सगळं जमिनीवर. "कुठे आहे डबा? कुणी घ्यायला सांगितला तुला? तिनेच सांगितलं ना? काय सांगितलं तिने तुला कानात? बोल!"

मुंगी ओठ काढून उभी होती, हात तसेच वर.

"बोलतेस का..."

"दिला!" मुंगीने एकदम भोकाड पसरलं. "मावशीला दिला! पत्र्याच्या गोणीत ठेवला. मला तो सगळ्यात जास्त आवडतो म्हणून! तू म्हणालीस, माझाच आहे!"

झडतीबाई मटकन खाली बसली. पोर खोटं बोलत नव्हतं, हे तिला हातांनीच कळलं होतं. पण नुसत्या पोराचं खरंखोटं करून भागणार नव्हतं. तो डबा आता काजवालीकडे होता. काज-बटणाच्या यंत्रावर इतकी वर्षं बसलेली बाई ती, तिला एक बटण पुरलं असतं. पाच चिंध्यांसाठी जिची नोकरी गेली, तिच्या मांडीवर झडतीबाईची सव्वीस वर्षं जाऊन पडली होती. आता कारखान्यात एक शब्द पोचला की संपलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतील. चौदा महिने राहिले होते, चौदा महिने!

"चप्पल घाल," ती मुंगीला म्हणाली.

भंगाराचं आवार रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. वाटेत झडतीबाई काय बोलायचं ते जुळवत होती. दरडावायचं का? का हात जोडायचे? ती तिथे असेल की नाही, का एव्हाना कारखान्याच्या दारात जाऊन उभी असेल? वाटेत भेटलेली प्रत्येक बाई आपल्याकडे वळून बघते आहे, असं तिला वाटत होतं. मुंगी मागून येत होती. एरवी आजीचं बोट धरून उड्या मारत चालणारी पोर आज चार पावलं अंतर ठेवून चालली होती.

काजवाली आवारात एका उलट्या खोक्यावर बसली होती. भोवती गोण्यांचे ढीग, कागद वेगळा, काच वेगळी. मांडीवर फडकं पसरलेलं, आणि फडक्यावर बटणं. डबा शेजारी उघडा.

"या बाई," ती म्हणाली. "मला वाटलंच, याल म्हणून. बस गं मुंगे, ते खोकं घे."

"डबा दे माझा," झडतीबाई म्हणाली. दरडावायचं ठरवलं होतं, पण आवाज भलताच निघाला. "पोरीने चुकून दिला."

"देते की. पळून चाललेय का मी?" काजवालीने एक बटण उचलून उजेडात धरलं. तिच्या अंगठ्याच्या नखात सुई घुसल्याची जुनी खूण होती. "हे बघा, ओळखलंत? ते जाड कोट निघायचे ना, त्यांचं. एकदा पडलं की घरंगळत पार भिंतीपर्यंत जायचं. हे पितळी, बँडवाल्यांच्या गणवेशाचं. त्या वर्षी आम्ही दोन-दोन पाळ्या केल्या. आणि हे चार भोकांचं. याचं एक भोक कायम आंधळं निघायचं. सुई मोडायची. मेल्याने माझा अंगठा फोडलान." ती हसली. मुंगी खोकं ओढून जवळ सरकली आणि आंधळं भोक शोधायला लागली.

झडतीबाई उभीच होती. ही हसते का? बोलत का नाही एकदाची?

"खाली पडलेली होती ती," ती न राहवून म्हणाली. "मी कुणाचं काही काढून घेतलं नाही. फळीवर पडायची, ती उचलली."

काजवालीने वर पाहिलं. "माझे तुकडेपण खालीच पडले होते, बाई."

ती हे रागाने बोलली असती तर झडतीबाईला बरं वाटलं असतं. रागावलेल्या बाईला कसं तोंड द्यायचं ते तिला ठाऊक होतं. काजवालीने नुसतं सांगितलं आणि पुन्हा फडक्याकडे वळली. नऊ वर्षं जे वाक्य झडतीबाई घोकत होती, मी फक्त डबा उघडला, ते तिला आता म्हणता येईना. कारण आज तिचाच डबा उघडा पडला होता.

"कुणाला सांगणारेस?" तिने विचारलं.

"कुणाला सांगू? मला आत कोण घेतंय?"

"मग पोरीशी गोड गोड का बोलतेस? 'काजवाली बरी आहे' असा निरोप का धाडलास?"

"बरी आहे म्हणून." काजवालीला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "पडद्याआडून बघता ना तुम्ही दर शनिवारी. तुमचे पाय दिसतात खालून. म्हटलं, बाईला आपली काळजी वाटत असेल."

झडतीबाई या उत्तराचीही चाचपणी करत राहिली. कुठे काही लपवलेलं हाताला लागेना, आणि तरीही विश्वास बसेना.

काजवालीने फडक्याची चारी टोकं धरली, बटणं पुन्हा डब्यात ओतली, झाकण दाबलं आणि डबा पुढे केला. "घ्या. मला नको तुमची वस्तू."

झडतीबाईने हात पुढे केला.

"आजी," मुंगी म्हणाली. "दिलेलं परत नाही घ्यायचं. आई म्हणते."

"तू गप गं!"

मुंगीने हळूच दोन्ही हात वर केले. कुणी सांगितलं नव्हतं. हसतही नव्हती. चूक झाली की करायचं असतं, तसे तिने हात वर केले आणि खोक्यापाशी उभी राहिली.

झडतीबाईच्या काळजात चर्र झालं. सव्वीस वर्षं तिने हजारो हात वर गेलेले पाहिले होते, कंटाळलेले, रागावलेले, घाईतले, आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. तिने डब्याकडे पाहिलं. तो उचलून घरी नेला असता तर तिचं नाव शाबूत राहिलं असतं. नेऊन चुलीत घातला असता, विषय संपला असता. आणि इथे ठेवला असता तर उद्यापासून जन्मभर ही बाई काय करील, याचा घोर लागला असता. पण पोरीने घरातली सगळ्यात आवडती वस्तू देऊन टाकली होती आणि त्याबद्दल तिची झडती झाली होती. आता डबाही काढून घेतला तर पोरगी पुन्हा कुणाला काही देणार नाही, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

"ठेव," ती काजवालीला म्हणाली.

"काय?"

"तिने दिलाय ना तुला? मग ठेव." आणि मग राहवेना म्हणून, "त्याचं करशील काय?"

"लेक शिवण शिकतेय," काजवाली म्हणाली. "तिला लागतात बटणं."

झडतीबाईने मान हलवली. बाहुलीवाली लेक ती हीच का, हे तिने विचारलं नाही. मुंगीचे हात धरून तिने खाली आणले आणि दोघी निघाल्या. रुळांपर्यंत जाईतो तिने तीन वेळा मागे वळून पाहिलं. काजवाली खोक्यावरच बसून होती, पण बसून काय विचार करत होती, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पाळी सुटल्यावर बायका रांगेत हसत होत्या; त्या काय पहिल्यांदा हसत होत्या का? तरी तिला वाटलं, कळलंय यांना. एकीने दुसरीच्या कानात काही सांगितलं आणि झडतीबाईच्या हातातून डब्याचं झाकण निसटलं. तेवढ्यात शिपाई सांगत आला, "साहेबांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता." तिची पाचावर धारण बसली. जिना चढताना तिने कठडा घट्ट धरला होता. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, तो तुमच्या खोलीचा हिरवा पडदा शेवटचा कधी धुतला होता? पाहुणे यायचेत."

परत खाली येऊन ती बाकावर बसली तेव्हा तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. चौदा महिने असेच काढायचे.

ती घरी पोचली, तर दार उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत मुंगी उभी होती, दोन्ही हात वर करून. आत सून कणीक मळत होती. "कालपासून हे असं चाललंय, आई," ती म्हणाली. "मी आले तरी हात वर, दूधवाला आला तरी हात वर. काय झालं विचारलं तर सांगत नाही. तुम्ही काही बोललात का तिला?"

पोरीने चहाडी केली नव्हती. झडतीबाईने पिशवी खाली ठेवली.

"खाली घे हात," ती म्हणाली. "आज माझी पाळी."

मुंगीला कळेना. तिने आईकडे पाहिलं, मग आजीकडे. तोवर झडतीबाईने स्वतःचे दोन्ही हात वर केले होते आणि ती उंबऱ्यावर सरळ उभी राहिली होती.

"घे ना. नीट घे. मला सोडू नकोस."

मुंगी संशयाने जवळ आली. कॉलरला तिचा हात पोचेना, म्हणून आजी गुडघ्यात वाकली. मुंगीने कॉलर उलटून पाहिली. बाह्या चाचपल्या, खांद्यापासून मनगटापर्यंत. कमरेत बोट फिरवलं. मग गणवेशाच्या उजव्या खिशात हात घातला आणि तो बाहेर काढून उघडला. तळहातावर एक बटण होतं. चार भोकांचं.

झडतीबाईने ते पाहिलं आणि तिलाच धक्का बसला. कधी उचललं? बाकावर बसले होते तेव्हा? खाली वाकले होते का मी?

"हे कुणाचं गं, आजी?" मुंगीने विचारलं.

आतमध्ये कणकेचा आवाज थांबला.

"माझं नाही," झडतीबाई म्हणाली. "कारखान्याचं आहे. मी उचललं."

मुंगीने बटण डोळ्यांजवळ नेऊन आंधळं भोक आहे का ते बघितलं. "मग त्यांना देऊन टाकणार?"

"उद्या देते."

"तू घेतलंस म्हणून सांगणार?"

सून दारात येऊन उभी राहिली होती, हात कणकेने भरलेले. झडतीबाईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"सांगेन."

मुंगीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. आजीच्याच नजरेने पाहिलं, एकेक सुरकुती तपासत. समाधान झालं असं दिसलं नाही.

"दुसरा खिसा," ती म्हणाली.

झडतीबाई हात वर धरून तशीच उभी राहिली. हात असे वर धरले की खांद्यात किती कळ येते, ते तिला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.